आगकाड्यांची मौज : मूक सचेतनपटांचे स्मरण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त डेराबस्सी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. मूकपटाच्या काळातील कार्टूनांवर बोलू, असे आम्ही कळवले, तेव्हा काही मंडळींना हसू आवरले नाही. अशा मंगल प्रसंगी संतवाङ्मय, शिवचरित्र, गेला बाजार मराठी नाट्यसंगीत, असे विषय शोभतात. सरकारी फायलींत आयुष्य घालवलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने मांजरांच्या आणि आगकाड्यांच्या चित्रपटांवर बोलावे, हे जरा चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. परंतु या बालिश दिसणाऱ्या विषयाचा आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांशी निकटचा संबंध आहे, असे आमचे नम्र मत आहे. ते पटते किंवा कसे, हे आपण शेवटी ठरवावे.

प्रथम एक खुलासा करतो. ज्या चित्रपटांबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्यांचा काळ १९३० च्या सुमारास संपला. आमच्या पिढीचा जन्म त्यानंतर कित्येक वर्षांनी झाला. मग आम्हांला त्यांची ओढ कोठून लागली? गणेशोत्सवात गल्लीच्या दोन टोकांना दोर बांधून पांढरा पडदा लावीत आणि सोळा मिलिमीटरच्या यंत्रावर चित्रपट दाखवीत, ते दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. उशिरा येणाऱ्यांना पडद्यामागे बसावे लागे आणि त्यांना सर्व पात्रे डावखुरी दिसत. मध्येच आवाज बंद पडला की चित्र तसेच चालू राही आणि संवाद म्हणण्याचे काम प्रेक्षक करीत. मूकपट म्हणजे काय, हे आम्ही अशा रीतीने शिकलो. शाळेच्या वहीच्या कोपऱ्यात पानापानावर थोडथोडा सरकणारा चेंडू काढायचा आणि पाने भरभर सोडून तो उडवायचा, हा उद्योग तर आपण सर्वांनीच केला असेल. सचेतनपटाचे सारे शास्त्र त्या कोपऱ्यात सामावलेले आहे.

पुढे नोकरीनिमित्त दिल्लीत असताना एका फिल्म सोसायटीत हे जुने चित्रपट पाहण्याचा योग आला. फ्रान्समधील एमिल कोल यांचा ‘फँटास्मागोरी’ हा १९०८ चा चित्रपट दोन मिनिटांचाही नाही. पण त्यासाठी सुमारे सातशे चित्रे काढावी लागली होती. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरी रेघ धावते, तिचा विदूषक होतो, विदूषकाचे आणखी काही होते आणि पाहता पाहता सर्व विरून जाते. अमेरिकेतील विन्सर मॅके यांची ‘गर्टी’ ही डायनासोर १९१४ सालची. मॅके स्वतः रंगमंचावर उभे राहून पडद्यावरील गर्टीला आज्ञा करीत आणि रागे भरले की ती लहान मुलीसारखी रडू लागे. ‘फेलिक्स’ हे काळे मांजर १९१९ मध्ये अवतरले. पॅट सुलिव्हन यांच्या चित्रशाळेत ऑटो मेसमर यांनी त्याला घडवले. त्याला प्रश्न पडला की डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटे आणि अडचण आली की ते त्या चिन्हाचा किंवा स्वतःच्या शेपटीचा काठीसारखा उपयोग करी. या सर्वांना भाषा नव्हती. न्यूयॉर्कच्या मुलाला जेवढे समजे तेवढेच गिरगावातील मुलाला समजले असते. १९२८ च्या नोव्हेंबरात ‘स्टीमबोट विली’ हा मिकी माऊसचा बोलपट आला, चित्रांना आवाज फुटला आणि त्या जगाची सार्वत्रिक मुकी बोली हळूहळू मागे पडली.

परंतु हे सर्व परदेशाचे झाले. आपल्याकडे काय होते? उत्तर असे की, आपल्याकडे चित्रे हलवण्याची हौस सिनेमाच्याही आधीची आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्रे पुढे धरून रामायण-महाभारतातील कथा सांगतात. त्यांच्याकडे कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर नाचवण्याची कलाही आहे. ही परंपरा जतन करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जर्मनीत लॉटे रायनिगर या विदुषीने १९२६ मध्ये कागदी आकृत्या कापून, त्यांच्या सावल्यांतून राजपुत्र अखमेदची तासाभराची कथा पडद्यावर आणली. पिंगुळीच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यात फारसे नवल वाटले नसते.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी तर १८९२ च्या सुमारास, म्हणजे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दिसण्याच्या आधीच, ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली होती. शांबरी म्हणजे माया. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडायची, एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांच्या काचा झटपट बदलायच्या आणि सोबत निवेदन नि गायन करायचे, असा तो प्रयोग असे. पडद्यावरील देवदेवता हात हलवीत आणि श्रोते माना डोलवीत.

या भूमीतच धुंडिराज गोविंद फाळके यांचा उदय झाला. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, नंतर बडोद्याचे कलाभवन, पुढे छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग असा त्यांचा प्रवास. आपले आडनाव उलटे करून ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादू दाखवीत. आम्हां सरकारी मंडळींना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट म्हणजे, ते काही काळ भारतीय पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार होते. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली. खात्यात राहून त्यांना निवृत्तिवेतन मिळाले असते; देशाला मात्र चित्रपट मिळाला नसता.

१९१२ च्या आरंभी फाळके लंडनला गेले आणि सुमारे दोन महिन्यांत कॅमेरा नि इतर सामग्री यांची व्यवस्था करून परतले. आता हवे होते भांडवल. हा गृहस्थ चित्रपट काढू शकतो, असा विश्वास सावकाराला कसा वाटावा? फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ त्या अंकुराची थोडी थोडी चित्रे घेतली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. माती फोडून कोंब वर आला आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला. हीच ‘अंकुराची वाढ’. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या गृहस्थांनी कर्ज देऊ केले. हिंदी चित्रपटसृष्टीचा जो वटवृक्ष आज दिसतो, त्याचे पहिले बीज अक्षरशः वाटाण्याचे होते.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, ही गोष्ट आपणांस पाठ आहे. त्यामागे सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी अंगावरचे दागिने दिले, अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फितीला भोके पाडली, रसायने हाताळली आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधला. त्यांच्या नावाचा एकही पुरस्कार आमच्या ऐकिवात नाही.

आता आपण मूळ विषयाशी आलो. १९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले, तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले. भांडवल आटले, कच्ची फिल्म युरोपातून येत असे, तीही दुर्मिळ झाली. अशा ओढगस्तीच्या दिवसांत, १९१५ मध्ये, त्यांनी एक चिमुकला चित्रपट केला. त्याचे नाव ‘आगकाड्यांची मौज’. त्यात नट नव्हते, नट्या नव्हत्या, राजवाडे नव्हते. आगपेटीतल्या काड्या आपण होऊन हलत होत्या, आकार घेत होत्या. वस्तू सजीव करून दाखवणारा हा आपल्या देशातील आद्य सचेतनपटांपैकी एक होय. आगकाड्यांचा असाच एक चित्रपट एमिल कोल यांनी १९०८ मध्ये केला होता. युरोपातील अशा प्रयोगांची वार्ता फाळके यांच्या कानी असणे स्वाभाविक होते. त्या काळी आपल्याकडे आगपेट्याही मुख्यतः जपान आणि स्वीडनहून येत. म्हणजे कॅमेरा विलायती, फिल्म विलायती, काडीही बहुधा विलायतीच. देशी होती ती फक्त मौज.

ही मौज कशी साधत असेल, ते थोडे समजून घेऊ. मूकपटाच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे मावतात आणि ढोबळ मानाने सेकंदाला सोळा चित्रे पडद्यावरून सरकतात. म्हणजे एका मिनिटाला नऊशे साठ. काडी टेबलावर ठेवायची, एक चित्र घ्यायचे. काडी तांदळाच्या दाण्याइतकी सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे. असे नऊशे साठ वेळा केले की मिनिटभराचा खेळ झाला. मध्येच वाऱ्याची झुळूक आली किंवा कोणी टेबलाला धक्का दिला, तर तोवरची मेहनत वाया. उजेड बदलला तर चित्र लुकलुकणार. ज्याने महिनाभर वाटाण्याची वाट पाहिली, त्यालाच हे काम साधावे.

आणि आता खेदाची गोष्ट. हा चित्रपट आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती आपोआप कुजते, चिकट होते, तिची भुकटी होते. ठिणगी पडली की भडकते. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असल्यामुळे ती काढून घेण्यासाठी जुनी रिळे भंगारात विकली जात. मूकपटांच्या काळात आपल्या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांपैकी पूर्ण स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चीही सर्व रिळे उरली नाहीत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे वाचवता आले ते वाचवले. एवढे करूनही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि पुष्कळसा अमोल ठेवा गेला. फाळके स्वतः १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला निवर्तले. त्यांच्या काड्या त्यांच्या मागे राहिल्या नाहीत. राहिले ते दोन शब्दांचे नाव.

या नावाशी आम्ही आलो आणि थबकलो. त्याचे कारण सांगतो. व्याख्यानाची तयारी करीत असता आम्ही मंडळाच्या बालवर्गातील मुलांना विचारले, “‘आगकाडी’ म्हणजे काय, सांगा पाहू.” एक म्हणाला, “काका, माचिस.” त्याने निदान अर्थ ओळखला. एका मुलीने “तीली” असा शुद्ध पंजाबी शब्द सांगितला आणि तोही बरोबरच होता. तिसरा चुणचुणीत मुलगा म्हणाला, “मला येतं! आगकाडी म्हणजे ट्रेन!” त्याच्या कानी ‘आगगाडी’ पडली होती. सर्वजण खळखळून हसले, आम्हीही हसलो. पण घरी जाताना विचार मनातून जाईना.

असे पाहा. या चित्रपटात शब्द नव्हते. तो आज असता, तर ही तिन्ही मुले तो सारख्याच आनंदाने पाहू शकली असती; त्यांच्या शेजारचे पंजाबी सवंगडीही त्यांच्यासोबत हसले असते. जे सर्वांना कळले असते, ते चित्र नष्ट झाले. जे उरले, ते केवळ मराठी नाव. आणि ते नाव आपल्याच घरातील मुलांना उलगडून सांगावे लागते. कोणी ते जाळले नाही, कोणी बंदी घातली नाही. नायट्रेटची फिल्म डब्यात पडून कुजते, तसे शब्दही न वापरता पडून राहिले की कुजतात.

यात मुलांचा दोष यत्किंचितही नाही. अंबाला-चंडीगड रस्त्यावरील हे गाव पूर्वी पतियाळा जिल्ह्यात होते, २००६ पासून साहिबजादा अजितसिंगनगर जिल्ह्यात आले. कारखाने वाढले, वसाहती वाढल्या. आपल्यापैकी कोणी कारखान्यात, कोणी सैन्यात, कोणी आमच्यासारखे केंद्र सरकारच्या कचेरीत काम करीत येथे आले. येथील माणसांनी आपल्याला सामावून घेतले. मुले पंजाबी बोलतात, याचा आम्हांला आनंदच आहे. ज्या मातीत वाढायचे, तिची भाषा आलीच पाहिजे. प्रश्न दुसरी भाषा यावी की नाही, हा नाहीच. पहिली टिकावी कशी, एवढाच आहे.

याचे उत्तर याच पंजाबात आहे, असे आम्हांला वाटते. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे संत नामदेवांचे स्थान आहे. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथेच भरले होते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्या पदांना सुमारे सात शतके झाली. ‘आगकाड्यांची मौज’ला शंभर वर्षांहून थोडी अधिक झाली. जुने टिकले आणि नवे गेले, असे का व्हावे? कारण पदे रोज म्हटली जातात. ती कोणी कोठारात ठेवून दिली नाहीत. त्यांचा मराठीशी संबंधही नसलेल्या लक्षावधी लोकांनी ती आपली मानून कंठात ठेवली. संग्रहालय आवश्यक आहेच, परंतु नित्याचा वापर हे त्याहून मोठे संग्रहालय आहे.

सचेतनपटांच्या बाबतीतही हेच दिसते. फाळके यांची रिळे गेली, तरी त्यांनी दाखवलेली युक्ती हातोहात पुढे गेली. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये सचेतनपटांचा विभाग उभा राहिला. तेथे राम मोहन यांच्यासारखे कलावंत घडले. आणि आपल्या पिढीने दूरदर्शनवर असंख्य वेळा पाहिलेला ‘एक अनेक और एकता’ आठवा. १९७४ चा हा चित्रपट केला विजया मुळे यांनी. त्या मुंबईत जन्मलेल्या, लग्नानंतर पाटण्यास गेलेल्या, पुढे केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक सेवेत असलेल्या मराठी बाई. त्यातील चित्रांना चालते केले भीमसेन यांनी, ज्यांचा जन्म मुलतानचा. दूर गेलेली मराठी स्त्री आणि घर मागे सोडून आलेला पंजाबी कलावंत, या दोघांनी मिळून साऱ्या देशाच्या मुलांना चिमण्यांची गोष्ट सांगितली. विजयाबाई २०१९ मध्ये गेल्या. आपल्यासारख्या प्रवासी मंडळींनी त्यांचे स्मरण ठेवायला हवे.

आता शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो.

पहिली मंडळाच्या ठेव्याविषयी. पन्नास वर्षांतील छायाचित्रे, नाटकांच्या पत्रिका, हळदीकुंकवाच्या नि गणेशोत्सवाच्या ध्वनिफिती आज कपाटात नि ट्रंकांत पडून आहेत. छायाचित्रांतील माणसांची नावे सांगू शकणारे आठ-दहा ज्येष्ठ आज आपल्यात आहेत, ही आपली श्रीमंती. पुढील चार रविवार त्यांच्याजवळ बसून प्रत्येक छायाचित्राच्या मागे नाव, साल आणि प्रसंग लिहून घ्यावा. मग त्यांच्या प्रती काढून घरोघर वाटाव्यात. एकाच कपाटातील वस्तूला वाळवी पुरते. पन्नास घरांतील वस्तूला पुरत नाही.

दुसरी सूचना मुलांसाठी. येत्या गणेशोत्सवात त्यांनी स्वतःची ‘आगकाड्यांची मौज’ करावी. फाळके यांना जे जन्माचे कर्ज काढून करावे लागले, ते आज हातातल्या फोनवर होते. पुस्तकांच्या चळतीवर फोन पक्का बसवावा, दिवा एकच ठेवावा, काड्या थोड्या थोड्या सरकवीत चित्रे घ्यावीत. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी मिनिटाला सातशे वीस होतात. चार मुलांनी मिळून केले तर दोन सुट्ट्यांचे काम आहे. अट एकच. काम चालू असताना ‘सरकव’, ‘थांब’, ‘हळू’, ‘डावीकडे’, ‘धक्का देऊ नकोस’ हे सारे मराठीतून बोलायचे. चित्रपट मुका असेल. तो करणारी मुले मात्र बोलती असतील. शेजारच्या पंजाबी मुलांनाही घ्यावे. ‘तीली’ आणि ‘आगकाडी’ हे शब्द एका टेबलावर सुखाने नांदतील आणि आगगाडीवाल्या त्या बाळाने हवी तर काड्यांची आगगाडी करावी! फाळके यांनाही ती कल्पना आवडली असती, असे आम्हांला वाटते.